एकसष्ट नंबरची वेल

काउरीला बस येते ती फक्त वळण्यासाठी. पुढे रस्ता नाही, पुढे लांडगे दलदल. तिथला शेवटचा लांडगा कुणी पाहिला यावर गावात अजून वाद आहे. ज्याच्या त्याच्या मते तो त्याच्याच आजोबांनी पाहिला. बस दहा मिनिटं थांबते, ड्रायव्हर एक सिगारेट ओढतो आणि गाडी आली तशी पार्नू शहराकडे परत जाते.

त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात या बसमधून आर्वेद लेपासार उतरला. वय बत्तीस, उंची सहा फूट, गळ्यात टाय. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात फूटभर लांबरुंद लाकडी चौकट. तार्तूच्या शेतकी संस्थेने त्याला धाडला होता आणि काम एका ओळीत सांगण्याजोगं होतं: दलदलीत आपोआप उगवणारी क्रॅनबेरी, ती आंबट लाल फळांची वेल, शेतात आणायची. देशभरातल्या दलदलींतून चांगल्या चांगल्या वेली गोळा करायच्या, नंबर देऊन वाफ्यांत लावायच्या, वर्षानुवर्षं मोजायच्या आणि त्यातली शेताला मानवेल अशी एक निवडायची.

गाव हसलं. हसणारच की. देव जे फुकट पसरून ठेवतो ते हा सरकारी पगार घेऊन ओळीत लावणार. आठवड्याभरात त्याचं बारसं झालं. आंबट प्रोफेसर.

तो वाईट माणूस नव्हता. खरं तर त्याच्याइतका सरळ माणूस काउरीने त्याआधी पाहिला नव्हता आणि अडचण तीच होती. ती चौकट तो वाफ्यात टाकायचा, तिच्या आत पडलेले दाणे गुडघ्यावर बसून मोजायचा आणि वहीत लिहायचा. एकदा तासभर मोजून झाल्यावर एक दाणा त्याच्या बुटाखाली सापडला, तर त्याने पहिला आकडा खोडून नवा लिहिला आणि समासात कारणही लिहिलं: बूट.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये तार्तूहून एक मुलगी त्याला भेटायला आली. लग्न ठरल्यातच जमा होतं म्हणतात. ती बसमधून उतरली, डासांनी तिचं स्वागत केलं, आणि आर्वेदने तिला थांब्यालगतचे वाफे दाखवायला सुरुवात केली: हा नंबर सात, याला बुरशी लवकर लागते, हा नंबर बारा, याचा देठ बघ. बस दहा मिनिटं थांबते. तिला सात पुरली. उरलेली तीन मिनिटं ती आत बसून काचेतून हात हलवत होती, आणि तोही वाफ्यात उभा राहून हलवत होता.

आता मुख्य गोष्ट. क्रॅनबेरीची जागा आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. पैसा कुठे पुरलाय ते सांगतील, कुणाचं कुणाशी सूत होतं तेही सांगतील, पण दलदलीतली आपली जागा नाही. दोन माणसं दलदलीत समोरासमोर आली तर दोघंही टोपलीवर फडकं ओढतात, हवापाण्याचं बोलतात आणि जायचं असेल त्याच्या बरोबर उलट दिशेला चालू लागतात. ओस्कार आणि रुडोल्फ हे सख्खे भाऊ तीस वर्षं एकाच जागी वेचत होते, एक सकाळी, एक दुपारनंतर. आणि आपली जागा भावाला माहीत नाही याचा दोघांनाही अभिमान होता.

जागा द्यायची ती आयुष्यात एकदा, एकालाच, तोंडाने कानात. कागदावर कधीच नाही. आणि द्यायची अशालाच जो तिथे जाऊन वेचणार आहे. बहुतेक आई लेकीला देते. म्हातारा प्रीडिक मरायला टेकला तेव्हा त्याने बायकोला जागा सांगितली. बायको ठार बहिरी. तो खिडकी उघडी ठेवून एवढा ओरडला की सकाळपर्यंत गावाला पाठ झाली. दुर्दैव असं की प्रीडिक बरा झाला. पुढे नऊ वर्षं जगला आणि नऊही वर्षं आपल्याच जागेत गावाच्या रांगेत उभा राहून वेचत होता.

अशा गावात एक माणूस वही घेऊन दारोदार विचारत फिरत होता: तुमची चांगली क्रॅनबेरी कुठे येते?

लोक सांगायचे की. भरभरून सांगायचे. एकही खरं नसायचं.

अडुसष्ट सालच्या सप्टेंबरची तीन तारीख. आर्वेद मीठ आणि काड्यापेट्या आणायला दुकानात गेला. दुकान सेल्मा चालवायची आणि तिथेच लोकांनी वेचून आणलेली क्रॅनबेरी सरकारसाठी विकत घ्यायची. गाल लाल, आवाज मोठा, पोटात काही राहत नाही अशी बाई.

"प्रोफेसर, इकडे या," ती म्हणाली. "बघा आणि रडा."

तिने पेटीवरचं फडकं उचललं. आत करवंदाएवढे दाणे, एकूणएक लाल. आर्वेदच्या वाफ्यांतले दाणे त्या दिवशी अजून पांढरे होते. आमच्याकडे पहिलं दहिवर गोठतं ते याच दिवसांत, आणि कच्चा दाणा गोठला की गेला. शेतात क्रॅनबेरी लावायची तर ती ऑगस्ट सरता सरता पिकायला हवी. पाच वर्षं तो देशभर हेच शोधत होता.

"कुठली ही?"

"मीटाची. दरवर्षी सगळ्यांच्या आधी आणते."

"जागा कुठली म्हणते?"

सेल्मा इतकी हसली की तराजूचा काटा हलला. "ती मला तिच्या मांजराचं नाव सांगत नाही, प्रोफेसर."

आर्वेदने एक दाणा कागदात बांधला. पण दाण्याचा उपयोग नव्हता. क्रॅनबेरीचं बी पेरलं तर पोर आईवर जातंच असं नाही. तीच वेल हवी तर तिचंच छाट कलम हवं. म्हणजे जागा हवी.

मीटाचं घर गावातलं शेवटचं, बटाट्याच्या वाफ्यापलीकडे थेट दलदल. तेव्हा ती सहासष्ट वर्षांची, वाळक्या फांदीसारखी काटक. नवरा युद्धात गेला. मुलगी हेल्वे चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात आत्याबरोबर किनाऱ्यावरून होडीत बसली, स्वीडनला जायला. फौजा चालून येत होत्या, त्या दिवसांत हजारो लोक गेले. मीटा गायीची सोय लावून येणार होती, मागाहून. मागाहून जायला होडीच उरली नाही. हेल्वेचं पत्र कधी आलं नाही. भिंतीवर तिचा फोटो होता, बारा वर्षांची, दोन वेण्या.

आर्वेद टाय बांधून गेला.

"मालकीणबाई, तुमची क्रॅनबेरी पाहिली."

"बरं. आंबट होती का?"

"चाखली नाही. मोजली."

"मोजली." मीटाने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "मग आता काय, पावती द्यायला आलात?"

"मला त्या वेलीचं एक छाट कलम हवंय. बोटाएवढं."

"घ्या की. मी कुठं अडवलंय? दलदल सरकारची, तुम्ही सरकारचे."

"जागा सांगा."

"सांगते. लिहून घ्या नीट. लांब डोहाच्या पलीकडे तीन वाकडे पाइन आहेत. मधल्याच्या डाव्या अंगाला."

त्याने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गेला. डोह होता, तीन पाइनही होते. मधल्याच्या डाव्या अंगाला तो कमरेपर्यंत आत गेला. बाहेर यायला तास लागला. आणि दुसरा कुणी असता तर शिव्या देत घरी गेला असता. हा तसाच निथळत मीटाच्या दारात उभा राहिला.

"मालकीणबाई, तिथे नव्हती."

"नव्हती? मग उजव्या अंगाला असेल."

सहा शरदांत मीटाने त्याला अकरा जागा सांगितल्या. अकराही त्याने जाऊन पाहिल्या आणि वहीत लिहिल्या: 'सांगितलेली जागा क्र. ४. प्रत्यक्ष पाहिली. नाही.' पुढे पुढे मीटा त्याला ती वही वाचून दाखवायला लावायची. चुलीवर कॉफी ठेवायची, खरी नव्हे, भाजलेल्या चिकोरीची, आणि म्हणायची, "ती सातवी वाच, सापाची." सातव्या जागी त्याला विषारी साप भेटला होता. मीटा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. वर्षभरात पोस्टमन सोडला तर तिच्या उंबऱ्याच्या आत येणारा हा एकटाच. आणि त्यालाही कॉफी विचारणारं दुसरं घर नव्हतं. एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकानेही मोठ्याने म्हटली नाही. तो समजत राहिला की आपण वेल शोधायला येतो, आणि ती समजत राहिली की आपण वेल लपवतो.

चौऱ्याहत्तर साली तार्तूहून पत्र आलं: अकरा वर्षांत लवकर पिकणारी जात मिळाली नाही, आणखी दोन वर्षांत न मिळाल्यास वाफे बंद करण्याचा विचार आहे.

आर्वेद तीन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरला. चौथ्या दिवशी पहाटे मीटा टोपली पाठीला लावून निघाली आणि तो तिच्या मागे गेला. लपून.

काउरीत चोराला माफी आहे. दारुड्याला तर आहेच. कुणाच्या मागे दलदलीत जाणाऱ्याला नाही. सरळ माणूस वाकडं वागायला गेला की कसं होतं बघा. दलदलीतला पाइन शंभर वर्षांचा असला तरी मनगटाएवढा जाड. त्यामागे सहा फुटांचा माणूस लपणार कसा? मीटाला तो पहिल्या दोनशे पावलांतच दिसला. ती चालत राहिली. लांब डोहाला वळसा, मग बगळ्यांच्या बेटावर, मग ओल्या पट्ट्यातून जिथे दर पावलाला शेवाळ बूट गिळतं. दुपारी एका उंचवट्यावर बसून तिने काळा पाव आणि खारवलेला मासा निवांत खाल्ला. तो पन्नास पावलांवर एका पाइनला धरून उपाशी उभा होता. पुन्हा डोह, पुन्हा बेट. अकराही खोट्या जागा तिने त्याला त्या दिवशी क्रमाने फिरवल्या. हे त्याला सातवीपाशी कळलं. दिवस कलता कलता ती स्वतःच्याच बटाट्याच्या वाफ्यापाशी बाहेर पडली. टोपलीत एक दाणा नव्हता.

मग वळली. "झालं फिरून?" इतकंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गेला, तर दाराला बाहेरून केरसुणी टेकवलेली. आमच्याकडे कुलूप लावत नाहीत. केरसुणी दाराला टेकवली की घरात कुणी नाही, पुढे चला. पण धुराड्यातून धूर येत होता आणि आत भांडं वाजलं. मीटाने पुढच्या दाराला केरसुणी लावली होती आणि मागच्या दाराने आत जाऊन बसली होती. आर्वेद थोडा वेळ उभा राहिला. केरसुणी आहे म्हणजे घरात कुणी नाही. तो परत फिरला.

चार वर्षं ती केरसुणी तिथेच होती. आणि गावाने मीटाचं पाहून आपापल्या केरसुण्या काढल्या. तो रस्त्याने येताना दिसला की एकेका दाराला टेकायच्या, जणू सगळं काउरी एकाच दिवशी जत्रेला गेलंय. सेल्मा दुकानात सामान द्यायची, पण मोजून दोन शब्द. सेल्माने दोन शब्दांत आवरणं म्हणजे काय शिक्षा, ते सेल्माला ओळखणाऱ्यालाच कळेल. शनिवारी पूर्वी शेजारचे त्याला वाफेच्या न्हाणीला हाक मारायचे. ती बंद झाली. तो आपलीच न्हाणी तापवायचा आणि आमच्या रीतीप्रमाणे बर्चच्या डहाळ्यांनी अंग झोडायचं तेही आपलं आपणच झोडायचा. पाठीच्या मध्यावर स्वतःचा हात पोचत नाही, हे त्याला त्या हिवाळ्यात कळलं.

वाफे मात्र बंद झाले नाहीत. तार्तूतला साहेब बदलला आणि नव्याला पत्राची आठवण राहिली नाही. आर्वेद मोजत राहिला. जूनमध्येही रात्री पडणाऱ्या थंडीत कळ्यांवर पाइनच्या फांद्या पांघरायचा, सप्टेंबरात क्रौंच पक्ष्यांना हाकलायचा. वेलींशी बोलायला लागला. "बत्तीस, तू यंदा आळस केलास," असं त्याला म्हणताना पोस्टमनने ऐकलं आणि गावभर सांगितलं.

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये, बर्फ नुकतं वितळलेलं, तो मीटाच्या घरावरून चालला होता. केरसुणी नव्हती. दार उघडं होतं.

"आत ये," आतून आवाज आला. "थंडी येतेय."

चार वर्षांत ती निम्मी झाली होती. पलंगावर बसलेली, दोन्ही गुडघे लोकरीत गुंडाळलेले. त्याला ती आता 'तू' म्हणत होती.

"मागच्या शरदात गेलेच नाही मी," ती म्हणाली. "गुडघे ऐकेनात. मागच्या दाराने ये-जा पण होईना, म्हणून केरसुणी आत आणली. तू बस."

तो बसला.

"हेल्वेला सांगायची होती ती जागा," मीटा म्हणाली. "बारा वर्षांची होती. आमच्यात तेराव्या वर्षी सांगतात. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू." तिने गुडघ्यांवरची लोकर आवळली. "चौतीस वर्षं पुढच्या वर्षीच सांगते आहे. तू तिच्याच वयाचा ना?"

"एका वर्षाने मोठा."

"तरीच अक्कल नाही. ऐक आता. वही बाहेर ठेवून ये."

त्याने वही उंबऱ्याबाहेर पायरीवर ठेवली. मीटाने जागा सांगितली. त्याच्याकडून परत म्हणून घेतली. चुकला तिथे त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. तीनदा म्हणून घेतली, आणि मग अट घातली: लिहायची नाही, कधीच. आणि मरायच्या आधी एकाला द्यायची. जो तिथे जाऊन वेचेल त्यालाच.

"आणि वेल?" त्याने विचारलं. "वेल नेऊ?"

"वेल ने की. वेल काय, वेल कुठंही वाढेल. जागेचं बोलतेय मी."

तो त्याच दिवशी गेला. हिवाळाभर बर्फाखाली राहिलेले दाणे शेवाळावर तसेच पडलेले होते, मऊ आणि थोडे गोड झालेले. त्याने ओल्या शेवाळात गुंडाळून एक छाट कलम घेतलं आणि मगभर दाणे. दाणे मीटाने त्याच्याकडूनच शिजवून घेतले: रसात रवा टाकून, गार करून, हात दुखेपर्यंत फेटून गुलाबी फेस करायचा आणि वर थंड दूध. पंधरा वर्षं क्रॅनबेरीवर काढलेल्या माणसाला हे येत नव्हतं.

"आणखी फेट," मीटा म्हणत राहिली. "सरकारी काम नाहीये हे."

मग तिने एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "हीच," म्हणाली.

त्या शरदात तो तिच्यासाठी तिच्या जागेवर वेचून आला. त्यापुढच्या हिवाळ्यात ती गेली.

ते कलम वाफ्यात एकसष्ट नंबरला लागलं. चौथ्या वर्षी धरलं, सहाव्या वर्षी भरलं. अठ्ठावीस ऑगस्टला चौकटीतले सगळे दाणे लाल. अशी वेल देशात दुसरी नव्हती. तार्तूचा साहेब स्वतः बसने आला, दाणे पाहून त्याने टोपी काढली. म्हणाला, नोंदणी करू, जातीला नाव देऊ. अर्ज आला. अर्जात रकाना होता: मूळ स्थान, दलदल, नेमकी जागा.

आर्वेदने तो रिकामा सोडला. अर्ज परत आला. त्याने पुन्हा रिकामाच पाठवला.

"काहीतरी लिहा हो," साहेब फोनवर म्हणाला. "कोण बघायला जातंय?"

"मी गेलो होतो," आर्वेद म्हणाला. "अकरा वेळा."

खोटी जागा लिहायची म्हणजे उद्या त्याच्यासारखाच एखादा वेडा ती वाचून मधल्या पाइनच्या डाव्या अंगाला उतरणार. खरी लिहायची तर शब्द मोडायचा. तिसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा साहेबाने नाद सोडला. त्याच्या दुसऱ्या दोन वेलींची नोंदणी झाली, त्यांना नावंही मिळाली. एकसष्ट तशीच राहिली, नुसता नंबर.

पुढे राज्य बदललं, पैसे बदलले, तार्तूहून पगार यायचा बंद झाला. वाफे कुणाचे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते आर्वेदचेच राहिले. गावाचा राग कधीच गेला होता. केरसुण्या निघाल्या होत्या. पण आता त्या खरोखरच टेकायला लागल्या. तरुण फिनलंडला बांधकामावर गेले, म्हातारे लेकींकडे शहरात गेले. ओस्कार गेला, मग रुडोल्फ. एकेका दाराला केरसुणी टेकली ती पुन्हा कुणी काढली नाही. दलदलीत शरदात कुणी दिसेना. टोपलीवर फडकं ओढावं असं समोर कुणी येईना. आर्वेद दर सप्टेंबरला मीटाच्या जागेवर जायचा, एक टोपली वेचायचा, आणि वाटेत सवयीने उलट दिशेला वळायचा. चकवायचं कुणाला, तर क्रौंचांना.

सत्तरी ओलांडल्यावर त्याला जागेची काळजी लागली. द्यायची कुणाला?

आधी सेल्माकडे गेला. दुकान बंद होऊन तिलाही वर्षं झाली होती.

"सेल्मा, तुला मीटाची जागा देतो."

सेल्माने चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षांपूर्वी याच वाक्यासाठी तिने एक दात दिला असता. "प्रोफेसर," ती हळूच म्हणाली, "मी संडासापर्यंत जाते ती भिंत धरून. मला जागा देऊन काय करता?"

"मग ऐकून तरी ठेव."

"नको. नियम तो नियम. जो वेचेल त्यालाच." आणि मग तिला राहवेना. "लांब डोहाकडे आहे का, एवढंच सांगा."

"नाही."

"वाटलंच मला," सेल्मा म्हणाली, आणि तिचे डोळे ओले झाले.

पोस्टमनीणबाईला विचारलं; ती म्हणाली, पार्नूच्या बाजारात क्रॅनबेरी पाकिटात मिळते, अमेरिकेची, वाळवलेली, साखर लावून. रुडोल्फच्या मुलाला फोन केला; तो फिनलंडहून म्हणाला, काका, तुमची तब्येत बरी आहे ना?

दोन हजार चार साली तार्तूहून केर्ली नावाची मुलगी आली. तिशीची, हुशार, क्रॅनबेरीवरच पदवी घेतलेली. जुन्या कपाटात तिला आर्वेदच्या नोंदी सापडल्या होत्या. ती तीन दिवस राहिली, चौकट टाकून गुडघ्यावर बसून मोजली, आणि बुटाखाली दाणा सापडला तर आकडा खोडला. आर्वेदने ते पाहिलं आणि त्या रात्री त्याला नीट झोप आली नाही, आशेने.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "लेपासार साहेब, एकसष्टची नोंदणी करता येईल. आता नियम सोपे झालेत. नाव तुम्ही म्हणाल ते."

"मीटा."

"मीटा ठेवू. फक्त मूळ जागा हवी."

आर्वेदने पेन्सिल खाली ठेवली. "केर्ली, तू दर सप्टेंबरला तिथे वेचायला येशील?"

ती एकदम हो म्हणू शकली असती. तीन दिवस तिने त्याच्याबरोबर काढले होते, तिला कळत होतं काय विचारलं जातंय. तिने विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "मी एकदा येईन, जागेची खूण यंत्रात घेईन आणि नकाशावर टाकीन. मग कुणालाही सापडेल. कायमची."

"कुणालाही."

"हो ना. म्हणजे हरवणार नाही."

आर्वेद हसला. पोरगी सरळ होती, त्याच्यासारखीच. "खोटं बोलली असतीस तर सांगून बसलो असतो," तो म्हणाला.

"मग रकान्यात काय लिहू?"

"रिकामा सोड."

ती बसकडे निघाली तेव्हा त्याने एकसष्टची वीस छाट कलमं ओल्या शेवाळात बांधून दिली. बस दहा मिनिटं थांबते. केर्ली दहाही मिनिटं खाली उभी राहून त्याच्याशी बोलत होती, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा चढली.

आता दुकान नाही, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी पावाची गाडी येते. गाडीवर तीत नावाचा माणूस असतो, चाळिशीचा, बायको सोडून गेलेली, बोलायला कंटाळा करणारा. काउरीत आता सहा गिऱ्हाईकं. आर्वेद शेवटचा. तो एकटा असून दोन पाव घेतो, म्हणजे गाडी थोडी जास्त थांबते.

गेल्या शुक्रवारी त्याने विचारलं, "तीत, तुला एक जागा देऊ का?"

"कसली जागा?"

"क्रॅनबेरीची. लांडगे दलदलीतली. देशातली सगळ्यात चांगली."

तीतने सुट्टे मोजले. "मला आंबट चालत नाही. पोटात जळतं."

"खायची नाही. वेचायची. वर्षातून एकदा."

"आणि मग?"

"मग काही नाही. वेचायची. आणि पुढे कुणालातरी द्यायची."

"फायदा काय?"

आर्वेदने खरंच विचार केला. आयुष्यात त्याने कुणाला खोटं उत्तर दिलं नव्हतं. "तिथे शांत असतं," तो म्हणाला. "आणि चालताना वाटतं की आपल्याला काहीतरी माहीत आहे."

तीतने गाडीच्या मागच्या फळीवर कोपर टेकलं आणि दलदलीकडे पाहिलं. इतकी वर्षं तो इथवर येत होता, पण त्याने तिकडे कधी पाहिलं नसावं. खुरट्या पाइनांवर ऊन होतं. क्रौंच जमायला लागले होते.

"किती लांब?"

"तुझ्या चालीने दीड तास."

"कधी पिकते?"

"ऑगस्टच्या शेवटाला."

"सप्टेंबरात मला दोन दिवस सुट्टी असते," तीत म्हणाला. "बघू."

आर्वेदने लगेच काही सांगितलं नाही. बघू म्हणजे हो नव्हे. पण पाच वर्षांत विचारलेल्या माणसांपैकी नाही न म्हणणारा हा पहिलाच, आणि घाई केली की काय होतं हे त्याच्याइतकं काउरीत कुणाला माहीत नव्हतं. त्याने दोन पाव बगलेत धरले, चार पावलं गेला आणि परत फिरला.

"तीत, तुझ्या पायाचं माप काय?"

"चव्वेचाळीस. का?"

"काही नाही. माझे रबरी बूट सेहेचाळीसचे आहेत. तुला दुसरे आणावे लागतील."

तीत गाडीत बसला, पण इंजिन चालू करायच्या आधी त्याने काच खाली केली.

"जाड मोजे घालीन की," तो म्हणाला.